बरंसाहेब

निवृत्त झालेल्या नवऱ्याने दिवसभर करायचं काय, हा प्रश्न नवऱ्याला पडत नाही, बायकोला पडतो. साहेब न्यायासनावरून उतरून कायमचे घरी आले आणि हा प्रश्न वहिनींना पडला. साहेबांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते, तर आपणही तेच म्हणू. रोज सकाळी नेहमीच्या वेळेला साहेब काळा कोट चढवून दिवाणखान्यात येत, दाराकडे बघत, आणि कुठे जायचंच नाही हे आठवून कोट परत खुंटीला अडकवत. वहिनींना ते बघवत नसे. अशात लॉ कॉलेजच्या प्राचार्याबाईंचा फोन आला. "साहेब, आमच्या मुलांना शिकवाल का? न्यायाधीशाच्या तोंडून कायदा ऐकायला मिळाला तर पोरांचं सोनं होईल." वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा करत होत्या. साहेब फोनमध्ये म्हणाले, "बरं."

बाईंनी त्याच दिवशी वेळापत्रकात साहेबांचं नाव घातलं. साहेबांनी अजून काहीच ठरवलेलं नव्हतं.

आता या 'बरं'बद्दल आधी सांगायला हवं. साहेब नवे नवे न्यायाधीश होते तेव्हा समोरच्याचं ऐकताना मान डोलवत. चांगल्या घरात वाढलेला माणूस डोलवतोच. एका म्हाताऱ्याच्या घराचा वाद होता, तो त्यांनी असाच मान डोलवत ऐकला. म्हाताऱ्याला वाटलं, जिंकलो. त्याने न्यायालयाच्या आवारात मिठाई वाटली. पुढच्या आठवड्यात निकाल विरुद्ध गेला आणि म्हातारा पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. साहेबांनी ते वरच्या खिडकीतून पाहिलं आणि त्यांना घास गेला नाही. त्या दिवसापासून त्यांनी मान डोलवणं सोडलं, हसणं सोडलं, कपाळाला आठी घालणंही सोडलं. कुणी काहीही बोलो, खरं बोलो की धडधडीत खोटं, साहेबांचा शब्द एकच. बरं. म्हणजे 'ऐकलं, पुढे बोला.' त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. वकिलांना हे पाठ होतं. ते पाठीमागे त्यांना बरंसाहेब म्हणत, आणि नवखा वकील आला की त्याला बाजूला घेऊन सांगत, "बाबा रे, बरं म्हणाले म्हणून हुरळून जाऊ नकोस."

कॉलेजातल्या पोरांना बाजूला घेऊन सांगणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी साहेबांची भंबेरी उडाली. ते वर्गाच्या दाराबाहेर उभे राहिले, कारण शिपायाने ललकारी दिल्याशिवाय आत जायची त्यांना सवयच नव्हती. ललकारी काही येईना. शेवटी उशिरा आलेला एक मुलगा "जरा सरका हं काका" म्हणत त्यांच्या हाताखालून आत घुसला, तेव्हा त्याच्या मागोमाग साहेबही घुसले. खुर्चीत बसले तर टेबल छातीशी येई आणि मागचे बाक दिसत नसत. उभे राहिले तर आपण वकील झालो की काय असं वाटे. ते बसत, उठत, पुन्हा बसत, आणि ते उठले की पहिल्या बाकावरची मुलं गोंधळून त्यांच्याबरोबर उठत. धडा संपल्यावर साहेब सवयीने म्हणाले, "पुढचं प्रकरण पुकारा." मुलांनी पुस्तकातलं पुढचं प्रकरण काढलं आणि एक मुलगी ते खणखणीत आवाजात वाचू लागली. साहेब कान देऊन ऐकत राहिले. यात फिर्यादी कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळेना.

मुलांना मात्र साहेब भलतेच आवडले. इतर शिक्षक उत्तर चुकलं की खेकसत. हे सर काहीही सांगा, शांतपणे बरं म्हणत. एवढा मोठा न्यायाधीश आपल्याला बरं म्हणतो म्हटल्यावर पोरांची छाती फुगायची. साहेबांना वाटे, काय गुणी मुलं आहेत, कुणीच भांडत नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. साहेबांची लेक दूरच्या शहरात राहायची. तिला जुळी झाली होती आणि तिची रजा संपत आली होती. तिने फोन करून सांगितलं, "आई, वर्षभर ये ना गं माझ्याकडे." वहिनींनी रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलता उचलता साहेबांना विचारलं, "तुमचं आता कॉलेज सुरू झालंय, तुम्हाला काही यायला जमायचं नाही. मी जाऊ का?"

साहेब म्हणाले, "बरं."

वहिनींना या बरंचं नवल नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या ते ऐकत आल्या होत्या. पडदे निळे घेऊ का? बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून साहेब निकाल देत, "पडद्यांचं म्हणालीस ना, निळे नकोत. त्या खोलीत मुळात उजेड कमी." कारणांसकट, आणि अपिलाची सोय न ठेवता. वहिनींनी सगळा संसार असा सकाळच्या चहावर हाकला होता. म्हणून त्या दुसऱ्या दिवशी चहा घेऊन समोर बसल्या. साहेबांनी कप खाली ठेवला. घसा खाकरला. वर्तमानपत्र उघडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनींनी माळ्यावरची बॅग खाली काढली, पुसली, दोन स्वेटर आत भरले. मग कुणी सांगितलंय आपल्याला भरायला, असं वाटून ते काढले. मग पुन्हा भरले. बॅग झोपायच्या खोलीच्या दाराआड उभी राहिली. लेकीने रविवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. नाही तर ती मुलांसाठी बाई ठेवणार होती.

साहेबांना वहिनी जायला नको होत्या. गोष्ट इतकी सरळ होती. पण सरळ गोष्टीचा गुंता करण्यात कायद्याच्या माणसाचा हात कोण धरणार? कायद्यात एक जुना नियम आहे, की स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही. ज्याचं हित गुंतलंय त्याने निकालाला हात लावायचा नाही. साहेबांनी हा नियम आयुष्यभर पाळला होता आणि आता वर्गात शिकवलाही होता. मग वहिनींनी जावं की न जावं, हे आपण कसं ठरवणार? आपल्याला तर ती हवी आहे. म्हणजे आपण बाद. मग ठरवणार कोण? साहेब रोज इथपर्यंत येत आणि अडकत. ते येता-जाता दाराआडच्या बॅगेकडे बघत आणि जणू ती दिसलीच नाही असं करून पुढे जात.

त्याच आठवड्यात वर्गात छत्री निघाली. साहेबांनी मुलांपुढे प्रश्न टाकला, "एक माणूस दुकानातून निघताना आपलीच समजून दुसऱ्याची छत्री घेऊन गेला. ही चोरी आहे का?"

पहिल्या बाकावर नर्सबाई बसायच्या. चाळिशीला टेकलेल्या, इस्पितळातली नोकरी सांभाळून कायदा शिकायला येत, आणि वर्गात सगळ्यांत आधी हात त्यांचाच वर जाई. त्या म्हणाल्या, "सर, चोरीच ही. छत्री त्याची नाही, मालकाला विचारलं नाही, आणि उचलून नेली. 'मला वाटलं माझीच' हे काय उत्तर झालं? आमच्याकडे चुकीच्या पेशंटला सुई टोचली तर असं म्हणून सुटता येतं का?"

"बरं," साहेब म्हणाले.

नर्सबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी 'चोरी' असं लिहून घेतलं.

शेवटच्या बाकावरून भोंगा उठला. त्या मुलाचा आवाज असा होता की त्याला दुसरं नाव देणं शक्यच नव्हतं. "चोरी कशी काय सर? त्याच्या मनात खोट कुठेय? हा नुसता गाढवपणा झाला. गाढवपणाला तुरुंगात टाकायचं म्हटलं तर बाहेर राहणार कोण?"

"बरं," साहेब म्हणाले.

मागच्या बाकांनी 'चोरी नाही' असं लिहून घेतलं. घंटा झाली. साहेब "कामकाज तहकूब" म्हणून निघाले. निकाल पुढच्या तासाला द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. पुढच्या तासाला कॉलेजात खेळांच्या स्पर्धा निघाल्या, आणि त्याच्या पुढच्या तासाला साहेबांच्या डोक्यात बॅगेशिवाय काही नव्हतं. छत्री तशीच राहिली.

शुक्रवारी प्राचार्याबाईंनी साहेबांना बोलावून घेतलं. टेबलावर चाचणीचे पेपर पसरले होते. बाईंनी साहेबांचाच छत्रीचा प्रश्न चाचणीत घातला होता आणि पेपर स्वतः तपासले होते.

"साहेब, तुम्ही वर्गात नेमकं काय शिकवलंत?" बाईंनी विचारलं. "अर्धा वर्ग म्हणतो चोरी, अर्धा म्हणतो चोरी नाही. आणि दोन्हीकडचे छातीठोकपणे लिहितात, की सरांनी असंच सांगितलंय. हा एक तर बघा." त्यांनी एक पेपर पुढे सरकवला. त्यावर सुवाच्य अक्षरात होतं, 'सदर कृत्य ही चोरी आहे व नाही, कारण आदरणीय सर दोन्ही उत्तरांना बरं म्हणाले आहेत.'

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना खरोखरच काही उमगेना. "मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या," ते म्हणाले.

"आणि निकाल?"

"राखून ठेवला."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो साहेब, वर्गात कुणी निकाल राखून ठेवतं का? पोरांना वाटलं, बरं म्हणजे बरोबर! त्या नर्सबाईंचं काय करू मी? मागची चाचणी त्यांची ड्यूटीमुळे हुकली. हीपण गेली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष वाया जाईल. आता तुम्हीच सांगा."

साहेबांच्या ओठांवर 'बरं' येऊन ठेपलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं. त्याच्या जागी काय म्हणायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना. जिभेला दुसरं वळणच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "चाचणी पुन्हा घ्या. चूक मुलांची नाही. मी आत्ता वर्गात जाऊन सांगतो."

वर्गात जाणं सोपं होतं. बोलणं जड होतं. साहेबांनी आयुष्यात ढिगाने निकाल दिले होते, माणसांना घराबाहेर काढलं होतं, तुरुंगात पाठवलं होतं. पण ते सगळं आधी कागदावर उतरलेलं असे, आणि वाचताना डोळे कागदावर असत. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून 'तुमचं चुकलं' असं म्हणायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. आणि इथे नर्सबाई हाताच्या अंतरावर, पेन सरसावून, विश्वासाने बघत होत्या.

"छत्रीचं," साहेब म्हणाले. "ती चोरी नाही. मनात बेइमानी असल्याशिवाय चोरी होत नाही."

मागच्या बाकांनी आरोळी ठोकली. भोंग्याचा आवाज तर शेजारच्या वर्गात गेला असेल. साहेबांनी ती ओसरू दिली आणि टेबलाची कड घट्ट धरून म्हणाले, "बाई, तुमचं उत्तर चूक होतं."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "पण तुम्ही बरं म्हणाला होतात."

"हो."

"सर, बरं म्हणजे काय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न साहेबांना कुणीही विचारला नव्हता. "बरं म्हणजे ऐकलं," ते म्हणाले.

"नुसतं ऐकलं?"

"नुसतं ऐकलं."

वर्ग चाट पडला. भोंगा काकुळतीला येऊन म्हणाला, "म्हणजे सर, मला बरं म्हणालात तेपण बरोबर म्हणून नव्हतं?"

"तुझं बरोबर होतं. पण मी बरं म्हणालो ते त्यासाठी नाही."

भोंगा खाली बसला. जिंकून हरल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. नर्सबाई मात्र उभ्याच होत्या. त्यांना राग आला होता आणि तो त्या लपवत नव्हत्या. "सर, माझं चुकतंय हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. मग मला इतके दिवस त्यात राहू का दिलंत? मी घरी जाऊन पोरांना सांगितलं, जज्जसाहेब मला बरं म्हणाले. चूक म्हणाला असतात तर तेवढ्यापुरतं वाईट वाटलं असतं, दुसरं काय झालं असतं?"

म्हाताऱ्याला खोटी आशा लागू नये म्हणून धरलेला शब्द, त्याच शब्दाने या बाईला खोटी आशा लावली होती. कुठे काय उलटलं, हे त्यांना कळेनासं झालं.

"चाचणी पुन्हा होईल," ते एवढंच म्हणाले.

"होऊ दे. मी देईन." नर्सबाई बसता बसता थांबल्या. अभ्यासू बाई ती, रागातसुद्धा शंका सोडेना. "आणखी एक विचारते. छत्री चुकून नेली, चोरी नाही, कबूल. पण घरी गेल्यावर त्याला कळलं, ही आपली नव्हे. तरी त्याने ती दाराआड ठेवून दिली. रोज येता-जाता बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. मग?"

साहेबांनी टेबलाची कड सोडली.

"मग गुन्हा," ते म्हणाले. "कळलं तेव्हापासून."

साहेब घरी आले. दाराआड बॅग होती. या खेपेला ते तिच्याकडे न बघता पुढे जाऊ शकले नाहीत. ते तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग कोट न काढताच स्वयंपाकघरात गेले. वहिनी गॅसवर सूप ढवळत होत्या.

"तुझ्या जाण्याबद्दल," साहेब म्हणाले.

वहिनींचा हात थांबला. "सांगा."

"मला त्यात निकाल देता येणार नाही. माझं हित गुंतलेलं आहे. नियमाप्रमाणे मी त्या प्रकरणातून बाजूला व्हायला हवं."

वहिनींनी डाव खाली ठेवला आणि साहेबांकडे असं बघितलं, की साहेब अर्धं पाऊल मागे सरले. "निकाल?" त्या म्हणाल्या. "अहो, निकाल मागितलाय कुणी तुमच्याकडे? इतके दिवस झाले, मी बॅग भरतेय आणि रिकामी करतेय. वेड लागायची पाळी आली माझ्यावर. तुम्हाला वाटतं तरी काय, एवढंच विचारलं होतं मी. या प्रकरणात तुम्ही न्यायाधीश नाही आहात. तुम्ही पक्षकार आहात, पक्षकार! तुमची बाजू सांगा."

साहेब गोंधळून उभे राहिले. त्यांची बाजू. आयुष्यभर ते लोकांच्या बाजू ऐकत आले होते. आपली एक बाजू असते आणि ती आपणच मांडायची असते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कुठून सुरू करायचं? त्यांनी हात मागे बांधले, मग सोडले, मग ओट्याला टेकले.

"नको जाऊस," ते म्हणाले.

वहिनींनी पदराला हात पुसले.

"लेकीची बाजू भक्कम आहे, ते मला कळतं. दोन-दोन लेकरं, नोकरी. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं काहीच नाही. मला अंडंसुद्धा उकडता येत नाही, पण ते काय, शिकता येईल. ते कारण नव्हे. मला भीती वाटते गं. सकाळी कप खाली ठेवल्यावर समोर कुणी नसलं, तर मी बोलायचं कुणाशी? तू विचारलंस त्या रात्रीपासून मला भीती वाटतेय. म्हणून बोललो नाही. नको जाऊस."

हे बोलून झालं आणि साहेबांच्या लक्षात आलं, की आता पुढे आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही. ते वहिनींच्या तोंडाकडे बघू लागले. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्यांनी मान डोलवली नाही. त्या हसल्या नाहीत, आणि कपाळाला आठीही घातली नाही.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

आणि गॅस बारीक करून आतल्या खोलीत गेल्या.

साहेब ओट्यापाशी उभे. बरं म्हणजे राहते? की बरं म्हणजे ऐकलं, आणि तरी जाते? आतून बॅगेच्या चेनचा आवाज आला. ती उघडली की लावली, ते काही त्या आवाजावरून सांगता येईना. साहेबांनी कान टवकारले, पण पुढे सगळं चिडीचूप. पायऱ्यांवर बसलेला तो म्हातारा त्यांना आठवला. मिठाई वाटून निकालाची वाट बघताना तो आठवडाभर कसा झोपला असेल, हे आजवर त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्यांना राहवेना. ते आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा धीर होईना. बाहेरूनच त्यांनी विचारलं, "अगं, बरं म्हणजे काय?"



"सकाळी सांगते," वहिनी म्हणाल्या. "चहाच्या वेळी."